कुलपती नेमके करतात तरी काय?

पुण्याच्या वर्तमानपत्रांत दर काही महिन्यांनी ‘राज्यपाल तथा कुलपती’ हे शब्द मथळ्यात येतात. कधी कुलगुरूंच्या निवडीसाठी त्यांनी समिती नेमलेली असते, कधी परीक्षेच्या गोंधळाबद्दल अहवाल मागवलेला असतो, तर कधी पदवीप्रदान समारंभातील त्यांच्या भाषणाची बातमी असते. २०२४ मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्थेत कुलपतींनी थेट कुलगुरूंनाच पदावरून दूर करण्याचा आदेश काढला, तेव्हा अनेकांना प्रश्न पडला, की ज्या पदाला आपण इतकी वर्षे शोभेचे समजत आलो, त्याला एवढा अधिकार आला कोठून?

प्रश्न रास्त आहे, कारण कुलपती हे पद दोन वेगळ्या गोष्टींचे मिश्रण आहे. त्यातली एक म्हणजे समारंभ, जो आपण समजतो त्यापेक्षा अधिक अर्थपूर्ण आहे. दुसरी म्हणजे अधिकार, जो क्वचितच वापरला जातो, पण वापरला जातो तो निर्णायक क्षणी. आपल्या विद्यापीठांतील बरेचसे वाद या दोन गोष्टी एकाच खुर्चीत बसवल्यामुळे होतात, असे मला वाटते आणि हा लेख त्याच अंगाने लिहिला आहे.

## एका विद्यापीठाला दोन प्रमुख कशासाठी?

आधी पदांची ओळख करून घेऊ. कुलगुरू हे विद्यापीठाचे प्रत्यक्ष कारभार पाहणारे प्रमुख असतात. ते पूर्णवेळ, पगारी अधिकारी असून शैक्षणिक आणि प्रशासकीय निर्णयांची जबाबदारी त्यांच्यावर असते. कुलपती हे त्यांच्याही वरचे, विद्यापीठाचे सर्वोच्च प्रमुख. पण ते विद्यापीठात रोज बसत नाहीत, वर्ग, परीक्षा, नेमणुका किंवा खरेदी यांच्या फायली त्यांच्या टेबलावर जात नाहीत आणि या पदाचा वेगळा पगारही त्यांना मिळत नाही.

पुण्यातील कोणत्याही जुन्या गणेश मंडळाचे पावतीपुस्तक पाहिले, तर त्यावर अध्यक्षांचे नाव वेगळे आणि कार्याध्यक्षांचे वेगळे असते. पोलीस परवानगी, मांडव, वीजजोडणी, जमाखर्च ही सारी धावपळ कार्याध्यक्षांची असते. प्रतिष्ठापनेच्या दिवशी पूजेला बसतात ते अध्यक्ष, आणि मंडळात वाद झालाच तर शेवटचा शब्दही त्यांचाच. कुलगुरू आणि कुलपती यांचे नाते ढोबळमानाने असेच आहे. एक मोठा फरक मात्र ध्यानात ठेवावा लागतो : मंडळाचा कार्याध्यक्ष सभासद निवडतात, तर कुलगुरूंची नेमणूक स्वतः कुलपती करतात. पुढच्या बऱ्याच गुंतागुंतीचे मूळ या एका फरकात आहे.

महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठांत, म्हणजे राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या पुणे, मुंबई, कोल्हापूर, नागपूर अशा विद्यापीठांत, राज्यपाल हे पदसिद्ध कुलपती असतात. पदसिद्ध म्हणजे एका पदाबरोबर आपोआप येणारे दुसरे पद. त्यासाठी वेगळी निवडणूक किंवा वेगळी नेमणूक होत नाही. सी. पी. राधाकृष्णन महाराष्ट्राचे राज्यपाल होते तेव्हा ते आपल्या पुणे विद्यापीठाचे कुलपती होते. सप्टेंबर २०२५ मध्ये ते उपराष्ट्रपती झाले आणि गुजरातचे राज्यपाल आचार्य देवव्रत यांच्याकडे महाराष्ट्राचा अतिरिक्त कार्यभार आला, त्यासरशी पुण्याचे कुलपतिपदही त्यांच्याकडे गेले. राधाकृष्णन मात्र दिल्ली विद्यापीठाचे कुलपती झाले, कारण तेथे उपराष्ट्रपती हे पदसिद्ध कुलपती असतात. या सगळ्यात दोन्हीपैकी एकाही विद्यापीठाला कोणी काही विचारले नाही, आणि विचारण्याची तरतूदही नाही.

## ही खुर्ची आपल्याकडे आली कशी?

ऑक्सफर्ड आणि केंब्रिज ही विद्यापीठे तेराव्या शतकाच्या सुरुवातीला आकाराला येत होती, तेव्हा कुलपती तिथेच राहणारे, शिक्षकांमधलेच एक असत. पुढे विद्यापीठांना राजदरबारात आपली बाजू मांडणारा वजनदार माणूस हवासा वाटू लागला आणि दूर राहणारे सरदार, धर्मगुरू, पुढारी कुलपती होऊ लागले. ते जागेवर नसत, म्हणून त्यांच्या वतीने काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याचे महत्त्व वाढत गेले. आपले कुलगुरुपद हे त्या अधिकाऱ्याचे वंशज आहे.

ब्रिटनमध्ये आज कुलपतिपद जवळजवळ पूर्णपणे समारंभाचे आहे. ऑक्सफर्डमध्ये कुलपतींना विद्यापीठाचे पदवीधर आणि शिक्षक मतदान करून निवडतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये तेथे माजी परराष्ट्रमंत्री विल्यम हेग निवडून आले. त्या निवडणुकीत पहिल्यांदाच ऑनलाइन मतदान झाले. त्याआधी मत देण्यासाठी प्रत्यक्ष ऑक्सफर्डला जावे लागे. निवडून आलेला कुलपती समारंभांचे अध्यक्षपद भूषवतो, विद्यापीठासाठी देणग्या मिळाव्यात म्हणून शब्द टाकतो, सरकारदरबारी विद्यापीठाची बाजू मांडतो. रोजच्या कारभारात त्याचा हात नसतो.

भारतात मात्र हे पद वेगळ्या वाटेने आले. १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली, तेव्हा कायद्यानेच कलकत्त्याला गव्हर्नर जनरल आणि मुंबई-मद्रासला तेथील गव्हर्नर कुलपती ठरवले गेले. मुंबई विद्यापीठाचे पहिले कुलपती होते गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन. म्हणजे इंग्लंडमध्ये विद्यापीठाने सत्तेकडे पाठवायचा आपला माणूस, तोच आपल्याकडे सत्तेने विद्यापीठात बसवलेला आपला माणूस झाला. स्वातंत्र्यानंतर राज्यांनी विद्यापीठांचे नवे कायदे केले. गव्हर्नर जाऊन राज्यपाल आले, पण ही रचना बहुतेक ठिकाणी जशीच्या तशी राहिली.

पुण्यात तर तिची खूण दगडविटांत दिसते. गणेशखिंडीतील विद्यापीठाची मुख्य इमारत म्हणजे मुंबईच्या गव्हर्नरांचे पावसाळी निवासस्थान. तिचे बांधकाम १८६४ मध्ये सुरू झाले. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन झाले आणि पहिले कुलगुरू डॉ. मुकुंदराव जयकर यांच्या काळात गव्हर्नरांच्या या वास्तूत ज्ञानाचा कारभार सुरू झाला. विद्यापीठाच्या स्थापनेनंतर गव्हर्नरांचे घर विद्यापीठाचे झाले, विद्यापीठाची सर्वोच्च खुर्ची मात्र राज्यपालांकडे राहिली.

## समारंभाच्या दिवशी काय घडते?

सभागृहात किंवा मुख्य इमारतीसमोरच्या मांडवात स्नातक आधीच येऊन बसलेले असतात. मग मिरवणूक येते. पुढे विद्यापीठाचा मानाचा दंड, मागे अधिसभा आणि विद्या परिषदेचे सदस्य, अधिष्ठाता, कुलसचिव, कुलगुरू आणि शेवटी कुलपती. सारे सभागृह उभे राहते. समारंभ सुरू करण्याची अनुमती कुलपतींकडे मागितली जाते आणि ती मिळाल्यावरच पुढचे काम होते. प्रत्येक विद्याशाखेचे अधिष्ठाता आपल्या स्नातकांना उभे राहण्यास सांगतात, हे विद्यार्थी परीक्षा उत्तीर्ण होऊन पदवीस पात्र ठरले आहेत असे जाहीर करून त्यांना अध्यक्षांसमोर सादर करतात, आणि अध्यक्ष त्यांना पदवी प्रदान झाल्याचे घोषित करतात.

हे काही क्षणांचे काम आहे, पण पदवी देण्याची औपचारिक कृती हीच. निकाल लागल्यापासून समारंभापर्यंत विद्यार्थ्याच्या हाती असते ते गुणपत्रक आणि उत्तीर्ण झाल्याचे तात्पुरते प्रमाणपत्र. ‘पदवी प्रदान झाली’ असे म्हणता येते ते समारंभानंतर. जे विद्यार्थी येऊ शकत नाहीत त्यांनाही त्याच समारंभात, अनुपस्थितीत, पदवी दिली जाते. कुलपती उपस्थित असतील तर अध्यक्षस्थान त्यांचे, नसतील तर कुलगुरूंचे. त्यामुळे कुलपती आले नाहीत म्हणून एखाद्याची पदवी कमी दर्जाची ठरत नाही. पदवीच्या प्रमाणपत्रावर सहीसुद्धा कुलगुरूंचीच असते. पदवी देते ते विद्यापीठ. कुलपती त्या क्षणी विद्यापीठाचा आवाज असतात.

मग एवढा डामडौल कशाला, असा आक्षेप येतो. मला तो पटत नाही. जुन्नर किंवा सिन्नर तालुक्यातल्या घरातली पहिली पदवीधर मुलगी त्या मांडवात उभी राहते, तेव्हा राज्यातील सर्वोच्च पदावरची व्यक्ती तिच्यासाठी उठून उभी राहावी, हे मला योग्यच वाटते. तिने मिळवलेली गोष्ट तिच्या घरापुरती किंवा महाविद्यालयापुरती नाही, तिची नोंद समाजाने घेतली आहे, हे सांगण्याची ती रीत आहे. एरवी कागद टपालानेही घरी येऊ शकतो.

समारंभातली चिन्हे लोक किती मनावर घेतात, हे पुण्याने २०१९ मध्ये पाहिले. विद्यापीठाने झगा आणि चौकोनी टोपी सोडून समारंभासाठी पुणेरी पगडीचा पोशाख आणला. सावित्रीबाईंचे नाव धारण केलेल्या विद्यापीठात फुले पगडी का नको, असा प्रश्न विद्यार्थ्यांनी केला आणि तो समारंभातच उमटला. पोशाखाचा वाद म्हणून त्याकडे दुर्लक्ष करणे सोपे आहे. पण विद्यापीठ कोणाचे, हा त्यामागचा प्रश्न होता आणि तो विचारण्याची जागा विद्यार्थ्यांनी अचूक निवडली होती.

कुलपतींच्या भाषणालाही असेच वजन असते. फेब्रुवारी १९०५ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांनी कलकत्ता विद्यापीठाचे कुलपती म्हणून दीक्षान्त भाषण केले. सत्याचा उच्च आदर्श ही मुख्यतः पाश्चात्त्य कल्पना आहे, अशा आशयाचे विधान त्यात होते. बंगालमध्ये संतापाची लाट उसळली आणि त्याच वर्षी झालेल्या फाळणीच्या आधीच वातावरण तापले. हेच कर्झन पुढे १९०७ मध्ये ऑक्सफर्डचे कुलपती झाले, पण तेथे मतदारांनी निवडून दिल्यामुळे. त्याच कलकत्ता विद्यापीठाच्या समारंभात १९३२ मध्ये बीना दास या तरुण पदवीधर मुलीने गव्हर्नर स्टॅन्ली जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या. जॅक्सन बचावले. ते तेथे कुलपती म्हणून आले होते, आणि तिच्या लेखी कुलपतीच्या खुर्चीत बसलेला माणूस परकीय सत्तेचाच प्रतिनिधी होता.

## मग हे पद समारंभापुरतेच आहे का?

महाराष्ट्रात तसे नाही. येथील सार्वजनिक विद्यापीठांचा कारभार महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ या कायद्याने चालतो आणि त्याने कुलपतींना काही ठोस अधिकार दिले आहेत. अधिसभा म्हणजे सिनेट, आणि अन्य काही मंडळांवर ते सदस्य नामनिर्देशित करतात. विद्यापीठाचे परिनियम, म्हणजे कायद्याच्या चौकटीत विद्यापीठाने स्वतःसाठी केलेले नियम, त्यांच्या संमतीशिवाय लागू होत नाहीत. विद्यापीठाच्या एखाद्या मंडळाचा निर्णय कायद्याला धरून नसेल, तर संबंधितांचे म्हणणे ऐकून तो स्थगित करण्याचा अधिकार त्यांना आहे. ठरावीक कारणांसाठी, चौकशी करून, कुलगुरूंना पदावरून दूरही करता येते.

हा शेवटचा अधिकार कागदावरच राहिलेला नाही. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत घाईने आणली आणि निकाल महिनोन्‌महिने रखडले. परदेशी प्रवेश, नोकऱ्या, पुढचे शिक्षण, सारे अडकले. अखेर ऑक्टोबर २०१७ मध्ये राज्यपाल सी. विद्यासागर राव यांनी कुलपती या नात्याने कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून दूर केले. एरवी फक्त समारंभात दिसणारी खुर्ची अशा वेळी न्यायासनासारखी वागते.

## कुलगुरू निवडले जातात कसे?

सर्वांत मोठा अधिकार हाच, म्हणून इथे थोडे थांबले पाहिजे.

कुलगुरूंची मुदत पाच वर्षे किंवा वयाची ६५ वर्षे, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोपर्यंत असते आणि त्याच व्यक्तीची पुन्हा नेमणूक होत नाही. मुदत संपत आली की शोध समिती नेमली जाते. तिच्या अध्यक्षांचे नाव कुलपती देतात. राज्य सरकारचा आणि विद्यापीठाच्या मंडळांनी सुचवलेला प्रतिनिधी तिच्यात असतो. समिती अर्ज मागवते, मुलाखती घेते आणि किमान पाच नावे कुलपतींपुढे ठेवते. कुलपती त्या उमेदवारांशी बोलून एकाची नेमणूक करतात. एकही नाव पसंत पडले नाही, तर ते नवी यादी मागवू शकतात.

बाहेरून पाहता हा एका सहीचा मामला वाटतो. पण विद्यापीठात पाच वर्षे काय होणार, हे बऱ्याच अंशी त्या सहीने ठरते. प्राध्यापकांच्या रिकाम्या जागा भरल्या जाणार की कंत्राटी शिक्षकांवर भागवले जाणार, संशोधनाला पैसा मिळणार की नाही, पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या तीन जिल्ह्यांतील शेकडो महाविद्यालयांच्या परीक्षा वेळेवर होणार की नाही, या सगळ्यावर कुलगुरूंचा ठसा असतो. म्हणून ती सही कोणी करायची, यावर राजकारण होते.

डिसेंबर २०२१ मध्ये तेव्हाच्या महाविकास आघाडी सरकारने विधिमंडळात कायदादुरुस्तीचे विधेयक मंजूर करून घेतले. त्यानुसार समितीची पाच नावे आधी सरकारकडे जाणार होती; सरकार त्यांतून दोन निवडणार आणि कुलपतींनी त्या दोघांतूनच एकाला नेमायचे होते. शिवाय उच्च शिक्षणमंत्र्यांना प्र-कुलपती, म्हणजे कुलपतींच्या खालोखालचे पदाधिकारी, करण्याची तरतूद होती. सरकारचे म्हणणे असे, की विद्यापीठांना पैसा आम्ही देतो आणि जनतेला उत्तरही आम्हीच देतो, तेव्हा निवडीत आमचा शब्द असावा. विरोधकांचे म्हणणे असे, की यामुळे विद्यापीठ मंत्रालयाचे खाते होईल. हे विधेयक अमलात आले नाही. २०२२ मध्ये सत्ताबदल झाला आणि नव्या सरकारने ते मागे घेतले.

या खेचाखेचीत दोन्ही बाजू ज्या गोष्टीबद्दल फारशा बोलल्या नाहीत, ती म्हणजे वेळ. मे २०२२ मध्ये कुलगुरू नितीन करमळकर यांची मुदत संपली. ती तारीख पाच वर्षे आधीपासून सर्वांना माहीत होती. तरीही पुणे विद्यापीठाला पूर्णवेळ कुलगुरू मिळाले ते जून २०२३ मध्ये, डॉ. सुरेश गोसावी यांच्या रूपाने. मधल्या वर्षभर लोणेरेच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाचे कुलगुरू डॉ. कारभारी काळे यांनी पुण्याचा प्रभारी कार्यभार सांभाळला. प्रभारी व्यक्ती कितीही कर्तबगार असली, तरी दुसऱ्या विद्यापीठाची जबाबदारी सांभाळत, उद्या आपण इथे असू की नाही हे माहीत नसताना, दूरगामी निर्णय घेणे अवघडच. निवडीचा अधिकार कोणाचा, हा वाद महत्त्वाचा खराच. पण तो वेळेत वापरला जाणे हे विद्यार्थ्यांच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे आहे, असे माझे ठाम मत आहे.

## राज्यपाल तर सरकारच्या सल्ल्याने वागतात ना?

नागरिकशास्त्राच्या पुस्तकात आपण हेच शिकलो : राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानुसार काम करतात. राज्यघटनेच्या अनुच्छेद १६३ मध्ये ते आहेच. मग कुलगुरू निवडताना ते सरकारचे का ऐकत नाहीत?

याचे उत्तर असे, की एकाच व्यक्तीकडे येथे दोन वेगळी पदे आहेत. राज्यपालपद घटनेने दिलेले आहे; कुलपतिपद राज्याच्या विधिमंडळाने केलेल्या कायद्याने. कुलपती म्हणून काम करताना त्यांनी विद्यापीठ कायद्यात लिहिल्याप्रमाणे, स्वतःच्या बुद्धीने निर्णय घ्यायचा असतो.

सर्वोच्च न्यायालयाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केरळमधील कन्नूर विद्यापीठाच्या प्रकरणात हे स्पष्ट शब्दांत सांगितले. तेथील कुलगुरूंची फेरनियुक्ती सरकारच्या आग्रहावरून झाली होती. आदेशावर सही कुलपतींचीच होती, तरी न्यायालयाने नेमणूक रद्द केली, कारण निर्णय त्यांनी स्वतः घेतला नव्हता. कायद्याने त्यांच्यावर सोपवलेला विवेक त्यांनी दुसऱ्याच्या हवाली केला होता. कुलपतिपद निव्वळ समारंभाचे नाही, याचा इतका नेमका पुरावा दुसरा नाही.

अडचण मात्र उरतेच. हे दुसरे पद राज्याच्या कायद्याने दिले आहे, तर राज्याचा कायदा ते काढूनही घेऊ शकतो. पण त्या कायद्याच्या विधेयकाला संमती कोणी द्यायची? राज्यपालांनी. ज्या व्यक्तीचा अधिकार कमी करायचा, तिचीच सही लागते. पश्चिम बंगाल, केरळ, पंजाब या राज्यांच्या विधानसभांनी २०२२ आणि २०२३ मध्ये राज्यपालांना कुलपतिपदावरून दूर करणारी विधेयके मंजूर केली आणि ती संमतीच्या पायरीवर अडकली.

## खासगी आणि अभिमत विद्यापीठांचे काय?

पुण्यात याची उदाहरणे हाकेच्या अंतरावर आहेत. अभिमत विद्यापीठ म्हणजे केंद्र सरकारने विद्यापीठाचा दर्जा दिलेली संस्था. येथे सहसा राज्यपालांचा संबंध नसतो; संस्था चालवणारी मूळ संस्था किंवा विश्वस्त मंडळ कुलपती नेमते. सिंबायोसिसचे संस्थापक डॉ. शां. ब. मुजुमदार हे त्या अभिमत विद्यापीठाचे कुलपती झाले, भारती विद्यापीठात संस्थापक डॉ. पतंगराव कदम यांनी ते पद भूषवले. अशा ठिकाणी कुलपती म्हणजे संस्थेचा चेहरा असतो.

गोखले संस्थेची गोष्ट निराळी आहे. १९३० मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेची मूळ संस्था म्हणजे गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ मध्ये स्थापन केलेला भारत सेवक समाज. सप्टेंबर २०२४ मध्ये कुलपती विवेक देबरॉय यांनी कुलगुरू अजित रानडे यांना प्राध्यापकपदाच्या दहा वर्षांच्या अनुभवाची अट पूर्ण होत नसल्याच्या कारणावरून दूर करण्याचा आदेश काढला. रानडे उच्च न्यायालयात गेले, त्यांना अंतरिम दिलासा मिळाला आणि त्याच महिन्यात देबरॉय यांनी स्वतः कुलपतिपदाचा राजीनामा दिला. एप्रिल २०२५ मध्ये नवे कुलपती संजीव सन्याल यांना पदावरून हटवण्याचे पत्र मूळ संस्थेकडून निघाले आणि काही दिवसांतच मागे घेतले गेले. म्हणजे राज्यपाल बाजूला असले, तरी वाद टळतातच असे नाही.

## राज्यपालांना या पदावरून दूर करावे का?

केंद्र-राज्य संबंधांवरच्या न्यायमूर्ती पुंछी आयोगाने २०१० च्या अहवालात म्हटले, की घटनेने न सांगितलेली, वादात ओढणारी कुलपतिपदासारखी कामे राज्यपालांवर सोपवू नयेत. केरळ सरकारने २०२२ मध्ये केरळ कलामंडलम या अभिमत विद्यापीठात राज्यपालांच्या जागी नृत्यांगना मल्लिका साराभाई यांना कुलपती केले. तेथे सरकारला केवळ नियम बदलून हे करता आले. विश्वभारतीमध्ये तर पंतप्रधान कुलपती असतात.

माझ्या मते खुर्चीत कोण, यापेक्षा खुर्चीत काय, हे आधी ठरवावे. राज्यपालांऐवजी मुख्यमंत्री बसले, तर मुंबई विद्यापीठासारखा प्रसंग ओढवल्यास सरकारला न घाबरता कुलगुरूंची चौकशी करणारे कोणी उरणार नाही. उलट, केंद्राने नेमलेल्या राज्यपालांच्या हाती पाच वर्षांची दिशा ठरवणारी निवड असणे, हेही लोकशाहीत फार सुखावह नाही. म्हणून कुलपतींचा समारंभी मान कायम ठेवावा. शोध समितीची रचना कोणाही एकाच्या हाती राहू नये. समितीने पाच नावे का निवडली आणि कुलपतींनी एक का घेतले, याची कारणे जाहीर व्हावीत. आणि विद्यमान कुलगुरूंची मुदत संपण्याच्या आधी नव्यांची नेमणूक झालीच पाहिजे, असे कायद्यात बंधन असावे. जानेवारी २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने मांडलेल्या नियमांच्या मसुद्यात शोध समिती नेमण्याचा अधिकार कुलपतींकडे देण्याचा प्रस्ताव होता आणि अनेक राज्यांनी त्याला विरोध केला. हा विरोध मला समजण्यासारखा वाटतो, कारण त्यात निवडीची सूत्रे एकाच टोकाला जातात.

## विद्यार्थ्याने कुलपतींना पत्र लिहावे का?

निकाल राखून ठेवला, गुणपत्रकात नाव चुकले, पुनर्मूल्यांकन लांबले, की अनेक विद्यार्थी थेट राज्यपालांना पत्र किंवा ईमेल पाठवतात. तो त्यांचा हक्क आहे, पण असे पत्र सहसा अभिप्रायासाठी विद्यापीठाकडेच परत पाठवले जाते आणि मधले दिवस वाया जातात. गुणपत्रक आणि पुनर्मूल्यांकनासाठी पहिला अर्ज महाविद्यालयामार्फत परीक्षा विभागाकडे करावा आणि आवक क्रमांक घेऊन ठेवावा. दाद मिळाली नाही, तर २०२३ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते. तिने शक्यतो १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तिच्या निर्णयाने समाधान झाले नाही, तर १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येते. लोकपाल हे निवृत्त कुलगुरू, निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश असतात आणि अपील निकाली काढण्यास त्यांना ३० दिवसांची मुदत असते. कुलपतींकडे जाण्यासारखी तक्रार म्हणजे विद्यापीठाच्या एखाद्या मंडळाने कायद्याबाहेर जाऊन निर्णय घेतल्याची. तशी तक्रार करताना कोणत्या बैठकीतला, कोणत्या तारखेचा कोणता ठराव आणि तो अधिनियमाच्या कोणत्या कलमाशी विसंगत आहे, एवढे लिहून ठरावाची प्रत सोबत जोडावी.